व्याह्यांनाच गप्प केलं तेव्हा

काय सांगू तुम्हाला, माझी फजिती झाली ती माझ्या शिस्तीमुळे. आधी ऐका, मग हसा.

आमच्या मुग्धाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा नाशिकचा, तिनंच निवडलेला. त्याच्या वडिलांशी मी फोनवर बोललो होतो, भेट तेवढी बाकी होती. त्यांनीच सुचवलं, कँपातल्या हॉटेलात दोन्ही कुटुंबं एक दिवस राहू, निवांत बोलू. कर्वेनगरात स्वतःचं घर असताना पुण्यातच हॉटेलात राहायचं? पण मुलीकडचे पडलो, गेलो.

हॉटेल कसलं, ती जुनी दगडी लायब्ररी. कॉलेजात असताना फार बोलतो म्हणून मला तिथून दोनदा हाकललं होतं. आता कपाटं तीच, पण पुस्तकांचे नुसते पुठ्ठे चिकटवलेले. उगाच कुणाला वाचायचा त्रास नको. भिंतीवरची पाटी मात्र तशीच होती, ‘शांतता राखा’.

पाटी दिसली की पाळायची, हे आमच्या रक्तात. मी काउंटरवर कुजबुजत नाव सांगितलं. तिथल्या मुलीनंही कुजबुजतच खोली नंबर सांगितला. मी खूश.

एवढ्यात सोफ्यावरचे एक गृहस्थ फोनवर गडगडाटी हसले. मी तडक गेलो, ओठांवर बोट ठेवलं आणि पाटी दाखवली. बिचारे चपापले.

मागून बायको आली आणि त्यांनाच नमस्कार करून म्हणाली, “प्रवास नीट झाला ना? मुग्धानं फोटो दाखवला होता तुमचा.”

व्याही! सारवासारव करायला तोंड उघडणार, तोच काउंटरवरची मुलगी ट्रे घेऊन हजर. “सर, ती पाटी शोभेची आहे. आणि हे गरम पाणी नि मध. आपला घसा बसलाय ना?”

“हो ना,” बायको तत्परतेनं म्हणाली. “डॉक्टरांनी बोलायलाच बंदी केलीय.” आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझा घसा खरोखरच बसला.

“असं होय,” व्याही म्हणाले. “मला वाटलं, रागावले.”

मग चहा झाला, जेवण झालं. पंगत की बुफे, कार्यालय कुठलं, प्रत्येक गोष्टीवर माझं ठाम मत होतं. सगळं मधाबरोबर गिळलं. संध्याकाळी लग्न ठरलं, तेही नाशिकला करायचं.

निघताना विहीणबाई बायकोला म्हणाल्या, “खरं सांगू का? तुमच्या यांनी फोनवर पाऊण तास नाशिकच्या मिसळीत काय काय चुकतं ते समजावलं ना, तेव्हाच आम्ही ठरवलं होतं, समक्ष भेटून नकार द्यायचा. पण प्रत्यक्षात किती समजूतदार आहेत हो!”

“आहेतच,” बायको म्हणाली. “फक्त लग्न होईपर्यंत आवाज काही यायचा नाही त्यांचा.”

मी मान डोलावली.