चिंचेने घासलेली शिवराई

शिवराई माझ्या तळहातावर लखलखते आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही. बाबा माझं नाव विसरले, तरी त्यांनी जमवलेल्या नाण्यांतलं हे काळवंडलेलं तांब्याचं नाणं हातात दिलं की अंगठा फिरवत म्हणायचे, "ही जेजुरीच्या बाजारात मिळाली. माझी लेक होती बरोबर." तेवढ्यापुरती मी त्यांची असायचे. हल्ली तेही अडखळू लागलं. जुनं नाणं कधी घासायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. तरी अक्षरं दिसावीत म्हणून आज चिंच-मीठ लावून घासलं. पिढ्यान्‌पिढ्या हात लागून चढलेला तो काळा रंगच तिची ओळख होती, तो दोन मिनिटांत धुऊन गेला.

बाबांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं आणि अदबीने परत दिलं.

"छान आहे हो. पण ही आमची नव्हे, बाई."