ताठ पाठीने शेवटचा
परवा चष्म्याशिवाय दात घासायला गेलो आणि ब्रशवर पेस्टऐवजी कंबरेचं मलम घेतलं. तोंड पोळलं, पण त्या वासाने मी थेट खाडीतल्या नारळीपौर्णिमेच्या होड्यांच्या शर्यतीत जाऊन पोचलो. आदल्या वर्षी वाकून वल्ही ओढताना माझी कंबर लचकली होती, चौघांनी उचलून घरी आणलं होतं. "आता काठावर बसा," असं सगळ्यांनी बजावलं. मी कसला बसतोय! शेजारच्या होडीवाल्या चाचांनी महिनाभर एकच घोकून घेतलं होतं, "पाठ ताठ ठेव, पायांनी फळी रेट, मग हात ओढ." शर्यतीत मेव्हणा पुढे जाताना ओरडला, "भावोजी, फोटो काढायला बसलात काय?" सगळा काठ हसला. वाकून चार हात जोरात मारावेत असं फार वाटलं, पण वाकलो नाही. शेवटचा आलो आणि स्वतःच्या पायांनी घाटीची चढण चढून घरी गेलो. पहिल्या आलेल्या मेव्हण्याची मात्र कंबर लचकली, त्याला दोघांनी धरून आणलं. आजही मी शेवटचाच येतो, पण चालत येतो. शर्यतीच्या त्या संध्याकाळी बायकोने मलमाची ट्यूब माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "माझ्या भावाला नेऊन द्या. आणि त्याच्यासमोरून असेच ताठ चाला."