नोंदणीच्या टेबलावरची

आमच्या कॉलेजच्या गेटाजवळ मतदार नोंदणीचं टेबल असायचं. तिथे 'कमवा आणि शिका' योजनेतली, पेठ गावाकडची एक मुलगी बसायची. आल्याआल्या उन्हाचा स्कार्फ सोडून बॅगेत कोंबायची, कारण कुठलाही रंग दिसला की पोरं लगेच पक्ष चिकटवायची. "ताई, मत कुणाला देऊ?" असं कुणी विचारलं, तर हसून नुसतं पेन पुढे करायची.

मी तिथल्याच ग्रंथालयात कामाला. एकदा चहा पिताना मीही खोदून विचारलं, "निदान तू कुणाला दिलंस?"

"आमच्याकडं आजा सांगंल तिथंच सगळ्या घराचं मत जातं, सर. मागच्या खेपेला मतदान करून आले तर त्यानं दारातच विचारलं. त्याला नाय सांगितलं, तुम्हाला कसं सांगू?"