शिकारीची पिशवी आणि न घातलेले चार टाके

दुबई पहिल्यांदा दिसली तेव्हा मला हसूच आलं. ज्याचं एवढं कौतुक ऐकलं ते गाव म्हणजे खाडीकाठची मातकट घरं! आगबोट लांबच नांगरली आणि आम्हाला पोत्यांसकट होडीत उतरवलं. यापेक्षा आमचं दाभोळ बरं, असं मी मोठ्याने म्हणालो. मी शिडं शिवणारा माणूस, म्हणून होडीचं शीड निरखलं आणि पुन्हा हसलो.

न्यायला मेव्हणा आला होता, लतीफ. शारजाला एका इंग्रजाच्या ऑफिसात कारकून. तीन वर्षांत गावी फिरकला नव्हता. "एकुलता भाऊ आहे माझा. धड आहे ना, डोळ्यांनी बघून या," असं बायकोने निघताना बजावलं होतं. धड होता. भाषेचं मात्र कडबोळं झालं होतं.

"भाई, लगेज द्या. यल्ला (चला), टॅक्सी वेट करतेय!"

शारजाच्या बाजारात एक मोठा रोल्ला (वड) आहे. दुसऱ्या दिवशी लतीफ मला तिथल्या एका दुकानात घेऊन गेला. त्याला शिकारीची पिशवी हवी होती. त्याचा साहेब हुबाऱ्यावर (माळढोकाच्या जातीचा पक्षी) ससाणा सोडायला वाळवंटात निघाला होता आणि दुभाषा म्हणून लतीफला नेणार होता.

"साहेबासमोर इम्प्रेशन पडलं तर प्रमोशन पक्कं, इन्शाल्ला," तो म्हणाला.

"सेठ, असली विलायती माल!" दुकानदाराने पिशवी आपटली. "सात पॉकेट, पितळ का बक्कल!"

"खिशांनी शिकार करायची काय रे?" मी म्हटलं आणि पिशवी उलटी केली. पट्टा जिथे जोडला होता तिथे एकेरी शिवण, तीही लांब टाक्यांची. असं शीड मी शिवलं असतं तर बापाने मला खाडीत लोटलं असतं. शेजारीच बकरीच्या केसांची एक बेदू (वाळवंटातल्या भटक्यांची) पिशवी लटकत होती. दिसायला काळीबेंद्री, पण पट्टा खाली तळापर्यंत नेऊन दुहेरी शिवलेला. मी म्हटलं, ही घे.

"भाई, ती गावठी आहे. साहेब काय म्हणतील?"

"मग घे बाबा सात खिसे! भार पट्ट्यावर येतो, खिशांवर नाही, एवढंही ऑफिसात शिकवत नाहीत वाटतं?"

दुकानदार हसला. लतीफचा चेहरा पडला, आणि केवळ हट्टाने त्याने तीच विलायती पिशवी घेतली.

माझ्या कॉलरला दोऱ्यासकट सुई कायम टोचलेली असते. चार टाके, पाव तासाचं काम. पण दुसऱ्याच्या भिकार शिवणीवर आमच्या घरात कुणी हात फिरवत नाही. आपला एक टाका पडला, की सगळं काम आपल्याच नावावर जातं. शिवाय उसवल्यावर त्याला सुनवायची मजा होतीच. खरं सांगतो, मी वाटच बघत होतो.

तिसऱ्या दिवशी गाडीने निघालो. साहेब, त्याचा बेदू ससाणेवाला सालिम, लतीफ आणि फुकट तमाशा बघायला मी. सालिमने कॉफी पाजली, खजूर दिले. ती कॉफी म्हणजे वेलचीचा काढा! मग ससाणा उडाला तो टेकडीपलीकडे दिसेनासाच झाला. त्याला शोधायला जो तो वेगळ्या दिशेला गेला. मी गाडीपाशी सावलीत बसून राहिलो.

दुपारी ससाणा सापडला. लतीफ परतला नव्हता.

"येईल मागून," अशी खूण करून साहेब पाखराला कुरवाळत बसला. असला साहेब आणि त्याच्यासाठी सात खिसे! सालिमने मात्र पाण्याची कातडी पखाल उचलली. मी त्याच्यामागे धावलो. बायकोला काय तोंड दाखवू, एवढंच मनात.

एका झाडाखाली लतीफ बसला होता. मांडीवर पिशवी, पट्टा तुटून लोंबणारा. दगडावर पडून आतला पाण्याचा थर्मास फुटला होता. पिशवीतलं ओलं फडकं तो चोखत होता आणि काच लागून ओठातून रक्त येत होतं. सालिमने त्याला घोट घोट पाणी पाजलं.

"बोला ना भाई," लतीफ कसाबसा म्हणाला. "काय बोलायचंय ते बोला."

सालिमने तुटका पट्टा पाहिला, मग माझ्या कॉलरकडे बोट करून अरबीत काही विचारलं. लतीफने सवयीने तर्जुमा केला.

"भाई, ते विचारतायत, ही सुई कशासाठी आहे?"

मी तिथेच वाळूत बसलो आणि शिवायला घेतलं. माझ्या जन्मात इतके वाकडे टाके पडले नाहीत.

आठवड्याने लतीफ मला होडीपर्यंत पोचवायला आला तेव्हा तीच पिशवी त्याच्या खांद्यावर होती. दाभोळला उंबऱ्यातच बायकोने विचारलं, "धड आहे ना तो?"

"धड आहे," मी म्हणालो. सुईचं तिला सांगितलं नाही. ते इथे लिहितोय, कारण ती हे वाचणार, आणि तोंडाने सांगायची माझी अजून छाती होत नाही.