पहिल्या गाडीचा तांदूळ

इगतपुरी स्टेशनावर सकाळी धुकं इतकं दाट होतं की गाडी आली हे मला आधी आवाजानं कळलं आणि डबा नाकासमोर येऊन उभा राहिल्यावर मग दिसलं. "मावशी, स्वेटर घाल," असं, जिच्याकडे मुक्कामाला होते त्या भाचीनं बजावलं होतं. थंडीचं कौतुक मला काय सांगतेस, असं म्हणून मी नुसती शाल घेऊन निघाले होते. स्टेशनच्या जिन्यावरच माझे दात वाजायला लागले.

गडहिंग्लजला आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि ते मीच बघते. नाशिकच्या तांबट आळीत जाऊन पितळी पातेली आणि तांब्याची घंगाळी ठरवायची, हे प्रवासाचं निमित्त. खरं कारण निराळं. आमच्या गावाला रेल्वे नाही. ती यावी की येऊ नये यावर आमच्या बाजारपेठेत कधीपासूनचा वाद आहे. शेजारचे कापडवाले छातीठोकपणे सांगतात, की गावोगाव थांबणारी छोटी गाडी सुरू झाली की गिऱ्हाईक शहरात पळणार आणि आपण दुकानात माश्या मारत बसणार. मला माश्या मारायची हौस नाही. म्हणून म्हटलं, अशी गाडी शहराला काय देते आणि गावाचं काय नेते, ते एकदा डोळ्यांनी बघून यावं.

इगतपुरीहून नाशिकला रस्त्यानंही जाता येतं. पण भाचीचे यजमान रेल्वेतच नोकरीला आहेत. ते म्हणाले, "मावशी, पॅसेंजरनं जा. नाशिक सकाळी कशावर चालतं ते गाडीतच दिसेल."

गाडीत बसायला जागा मिळाली, हे पहिलं सुख. दुसरं सुख म्हणजे खिडकीची काच लागत होती. समोरच्या बाकावर एक नर्सबाई डोक्यावरून ओढणी घेऊन झोपल्या होत्या. पलीकडे चौघं जण मांडीवर वर्तमानपत्र पसरून पत्ते खेळत होते. ही सगळी अपडाऊनची (रोज जाऊन-येऊन नोकरी करणारी) माणसं. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात हे मला जरा उशिरा कळलं, कारण मी ज्या जागेवर बसले होते ती एका क्लार्कसाहेबांची निघाली. ते इगतपुरीलाच गाडी सुटता सुटता चढले, माझ्याकडे पाहिलं, आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा हो, आज तुमचा नंबर."

घोटीला वैशाली चढली. तिशीची असेल. अंगावर निळी साडी, वरून पुरुषी स्वेटर, आणि डोक्यावर तांदळाचं पोतं. ती पोतं घेऊन आत यायला बघत होती, तेवढ्यात तिच्याबरोबरच चढलेल्या, माकडटोपी घातलेल्या एका माणसानं ते अलगद उतरवून घेतलं.

"ताई, आत नका नेऊ. दारापाशी ऱ्हाऊ द्या. उतरवायचं आमच्याकडं."

दारापाशी आधीच फुलांच्या आणि मेथी-कोथिंबिरीच्या टोपल्या रचलेल्या होत्या. प्रत्येक टोपलीला रंगीत चिंधी बांधलेली होती. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दुकानदाराला सगळ्या गोष्टींचं कारण चटकन सापडतं, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

वैशाली माझ्याशेजारी येऊन टेकली. बाईमाणसाची ओळख व्हायला गाडीत एक स्टेशन पुरतं. पाडळी यायच्या आत मला तिची सगळी हकिगत कळली. तिच्या गावात बायकांचा बचत गट आहे. आजवर भात निघाला की घोटीचा एक व्यापारी टेंपो घेऊन दाराशी यायचा, तो म्हणेल तो भाव घ्यायचा आणि गप्प बसायचं. यंदा गटातल्या बायकांनी त्याला तांदूळ दिला नाही. सगळ्यांचा तांदूळ घराघरात भरून ठेवला होता. नाशिकरोडला एक मोठी खानावळ आहे, तिथून कारखान्यांमध्ये जेवणाचे डबे जातात. तिचे मालक भास्करराव. त्यांनी वैशालीला नमुन्याचं पोतं घेऊन बोलावलं होतं.

"घेतील का गं?" मी विचारलं.

"तांदूळ बघून घेतील. लय वास हाय त्याला," ती म्हणाली. "पन त्यांचा रेल्वेवर भरवसा नाय. फोनवर म्हनले, गाडीनं आनलेला माल वेळेला कधी येत नाय. आज वेळेत गेलं नाय, तर परत त्या व्यापाऱ्याच्याच दारात. आन् आता तो आमाला कसा भाव देईल, सांगा तुमीच."

मी काय सांगणार? व्यापारी मीही आहे. कोंडीत सापडलेल्या माणसाला भाव कसा देतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

धुकं विरळ झालं. कापलेल्या भाताची खाचरं, कडेला पेंढ्याच्या उडव्या, मधूनच एखाद्या खळ्यावर झाडू मारणारी बाई. अस्वलीच्या पुढे भाजीचे मळे दिसायला लागले. लहवितला झेंडू आणि शेवंती चढली आणि डब्यात देवघराचा वास सुटला. गाडी प्रत्येक ठिकाणी जेमतेम टेकायची, पण तेवढ्यात टोपल्या वर यायच्या आणि त्यांच्या मालकिणी पुढच्या दारानं चढायच्या. सामान वेगळ्या दाराला आणि माणूस वेगळ्या दाराला, तरी कुणाला काळजी नाही. मला हे फार आवडलं. आमच्याकडे एसटीत पिशवी मांडीवरून सुद्धा कुणी खाली ठेवत नाही.

देवळाली आली. माकडटोपीवाल्यानं आणि पत्ते टाकून उठलेल्या दोघांनी निम्म्या टोपल्या खाली दिल्या. खाली हात तयारच होते. गाडी सुटली आणि पत्त्यांचा डाव पुढे सुरू झाला.

नाशिकरोडला आम्ही उतरलो. टोपल्या उतरल्या. वैशाली बघते तर पोतं नाही.

ती आधी डब्यात डोकावली, मग टोपल्यांमागे, मग परत डब्यात. गाडी हलली तशी तिनं माझा दंड धरला.

माकडटोपीवाला अजून तिथंच होता. सोनवणे त्याचं नाव. अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. त्यानं विचारलं, "पोत्याला काय बांधलं होतं?"

"चिंधी. सासूनं बांधली. जुन्या लुगड्याची."

"रंग?"

"लाल."

सोनवणेनं कपाळाला हात लावला. "ताई, लाल म्हणजे देवळाली! हिरवी म्हणजे नाशिकरोड. मीच दिलं खाली. ह्या हातानं."

तेव्हा मला त्या चिंध्यांचा अर्थ कळला. गाडी थोडाच वेळ थांबते, टोपल्यांवर नाव वाचत बसायला कुणाला सवड नाही, म्हणून या लोकांनी आपापसात रंग ठरवून घेतलेत. रोजच्या माणसाला ते इतकं अंगवळणी पडलंय की लाल चिंधीचं पोतं नाशिकरोडचं असू शकतं, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आणि वैशालीची सासू आयुष्यात कधी या गाडीत बसली नव्हती.

सोनवणेनं लगेच देवळालीच्या एका भाजीवालीला फोन लावला. तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "आरं, कुनाचं हाय हे तांदळाचं पोतं? मी तवापासून बसले हितं त्याच्यावर. कुनी उचलायला नको म्हनून!"

सगळे हसले. वैशाली हसली नाही. भास्कररावांच्या चुलीवर दुपारच्या डब्यांचा भात थोड्याच वेळात चढणार होता.

बाहेर कारखान्याची बस उभी होती. पत्तेवाले पळत जाऊन तिच्यात बसले आणि सोनवणेला हाका मारायला लागले. त्यानं हातानंच 'जा' म्हणून खूण केली.

"अहो भाऊ, कामावर तुमचा खाडा पडंल," वैशाली म्हणाली.

"पडू द्या. मी उतरवलं, मीच आणतो. तुम्ही खानावळीत जाऊन थांबा." त्यानं माझा नंबर घेतला आणि एका रिक्षात उडी मारली. वैशालीनं स्वतःचा फोन बंद करून टाकला. "सासू विचारंल, पोचलीस का. तिच्याशी खोटं बोलाया जमत नाय मला."

आम्ही चालत निघालो. स्टेशनसमोर एव्हाना बाजार जागा झाला होता. पोहेवाल्याकडे रांग होती आणि रिक्षावाले सातपूर, अंबड, शालिमार असं ओरडत सीटा भरत होते. लहवितच्या झेंडूला तिथंच गिऱ्हाईक उभं होतं. मी पोहेवाल्याला विचारलं, "रोज एवढी गर्दी?"

"पॅसेंजर आली की असती," तो म्हणाला. "रविवारी माणसं कामाला येत नाहीत, त्या दिवशी मी निम्मेच पोहे भिजवतो." मला आमच्या कापडवाल्यांची आठवण झाली. त्यांना इथं आणून पोह्यांच्या रांगेत उभं करायला हवं होतं.

खानावळ मागच्या गल्लीत होती. भास्करराव उंच, चष्मेवाले आणि घाईत. वैशालीचे रिकामे हात बघून त्यांनी मान हलवली. "मी सांगितलं होतं ना? रेल्वेचा माल असाच. आता माझा भात चढेल. तुम्ही परत कधीतरी या."

मला वाटलं, आता ही रडणार. तिनं पदर खोचला.

"तुमचा भात चढवा, मालक. मी अडवत नाय. मला फकस्त एक पातेलं मोकळं ऱ्हाऊ द्या."

"आणि त्यात शिजवणार काय?"

"तांदूळ येतोय."

भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिची वकील. मी म्हटलं, "द्या की एक पातेलं. चांगली जाड बुडाची आहेत तुमच्याकडे." भांड्यांच्या बाबतीत माझा शब्द सहसा खाली पडत नाही. त्यांनी एक पातेलं आमच्यापुढे सरकवलं आणि ते डब्यांकडे गेले.

आम्ही त्या रिकाम्या पातेल्याजवळ बसून राहिलो. शेजारच्या चुलीवर त्यांचा भात चढला, उकळला, उतरला. वैशाली सारखी दाराकडे बघत होती. माझीही उमेद ढळायला लागली होती, हे कबूल करते. एवढ्यात दारातून पोतं आत आलं आणि त्याच्याखाली सोनवणे.

"सोनवणे, तू?" भास्करराव चमकले. "कामावर नाही गेलास?" हा गडी रोज त्यांचाच डबा खाणारा, हे मला तेव्हा कळलं.

"माझ्या हातनं चुकलं, मालक. ताईंची चूक नाही, गाडीची तर नाहीच नाही. गाडी वेळेवर होती."

वैशालीनं तांदूळ धुतला. पाणी घालायला खानावळीचा आचारी पुढे झाला तर तिनं त्याचा हात धरला. "नवा हाय. एवढं पानी नको, चिखल हुईल." बोट बुडवून तिनं पाण्याचा अंदाज घेतला आणि झाकण ठेवलं. भात शिजायला लागला तसे डबे भरणारे लोक एकेक करून आमच्या चुलीकडे बघायला लागले. वासच तसा होता.

भास्कररावांनी उभ्यानंच ताट घेतलं. आधी नुसता भात खाल्ला, मग काळ्या मसाल्याची आमटी घालून. नंतर स्टूल ओढून बसले आणि आणखी वाढून घेतला. आम्हालाही ताटं आली. तसा मऊ, एकमेकाला बिलगलेला भात मी फार दिवसांनी खाल्ला.

"दर सोमवारी पाठवाल?" त्यांनी विचारलं. "पण टेंपोनं."

"पहिल्या गाडीनं," वैशाली म्हणाली. "टेंपोचं भाडं गेल्यावर आमाला काय उरंल?"

"आणि परत माल चुकला तर?"

तोंडात घास असलेल्या सोनवणेनं हात वर केला. "मी आहे की."

"दर सोमवारी खाडा करणार का रे?" म्हणून भास्करराव मोठ्यानं हसले, आणि हसता हसताच त्यांनी वैशालीला विचारलं, की सोमवारी किती पोती येतील.

दुपारी मी तांबट आळी गाठली. पातेली छान मिळाली, घंगाळ्यांचं जमलं नाही. संध्याकाळच्या गाडीत वैशाली ठरल्याप्रमाणे भेटली. सकाळचीच माणसं दमून परतत होती, फुलांच्या रिकाम्या टोपल्या एकात एक घातलेल्या. मी मनात हिशेब मांडत होते. या गाडीनं नाशिकला फुलं दिली, भाजी दिली, कारखान्याला माणसं दिली, त्यांच्या डब्याला भात दिला. आणि त्या माणसांच्या खिशातून घोटीला काय काय परत चाललं होतं, ते त्यांच्या हातातल्या पिशव्या सांगत होत्या. कापडवाल्यांना सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं.

वैशालीचा फोन अजून बंदच होता. "फोनवर नाय सांगनार. समोर जाऊन सांगनार," ती म्हणाली. घोटी जवळ आली तशी ती, तांदूळ खानावळीत ओतून मोकळी झालेली गोणी डोक्यावर घेऊन, दारात जाऊन उभी राहिली. मीही मागे गेले.

फलाटावर गटातल्या बायका उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढे नऊवारीतली म्हातारी, वैशालीची सासू. गाडी थांबायच्या आतच वैशाली ओरडली, "सोमवारपास्नं!"

मला वाटलं, आता जल्लोष होणार. सासूनं नुसती मान डोलावली.

"बरं झालं. दुपारी व्यापारी आलता टेंपो घिऊन. परत लावून दिला त्याला."

वैशाली पायरीवरून खाली उतरली आणि तशीच उभी राहिली. "परत लावून दिला? माजा तर फोन बंद व्हता!"

"बंदच व्हता."

"आत्याबाई, पोतं देवळालीला ऱ्हायलं व्हतं! आलंच नसतं तर? घरातल्या तांदळाचं काय केलं असतं आपन?"

गाडी हलली. वैशालीचा आवाज फुटला होता. म्हातारीनं तिच्या डोक्यावरची मोकळी गोणी काढून आपल्या काखेत घेतली.

"आलं नसतं कसं? तू गेली व्हतीस ना?"

दाराची दांडी धरून मी इगतपुरीपर्यंत उभीच राहिले. डब्यात रिकाम्या जागा पुष्कळ होत्या, पण माझे डोळे भरून आले होते आणि समोरच्या बाकावर क्लार्कसाहेब बसले होते.