पोटाचं बटण

गोदामात त्याला सगळे ‘चौकशी’ म्हणायचे. कुणी शिंकलं तरी हा विचारणार, “धुळीनं, की सर्दीनं?”

काम बॅटरीवर चालणाऱ्या, माल ओढायच्या हातगाडीचं. पुढं दांडा, मागं दोन लोखंडी जिभा, जिभांवर खोक्यांची चवड. एकदा गाडीकडं तोंड करून उलट्या पावली येताना याची पाठ मांडणीला टेकली आणि गाडी अंगावर आली. घोट्याचा पार चुरा.

मुकादम घरी बघायला आला. “लक्ष नव्हतं तुझं. बरा झालास की फाटकावर बस. गाडी विसर आता.”

बसून खायचं म्हटलं की याच्या अंगावर काटा यायचा. पण डोक्यात किडा भलताच वळवळत होता. दांड्याच्या टोकाला लाल बटण असतं. ते पोटाला लागलं की गाडी आपसूक मागं सरते.

“माझ्या पोटात रुतलं होतं की! मग सरली का नाही?”

“पाय मोडलाय, आणि तुम्हाला बटणाचं पडलंय!” बायको करवादली.

हा कुबड्या टेकत गोदामात गेला. बटण दाबलं, दबेना. त्यावर चिकटवलेली पट्टी सोलली, तर फटीत चपलेचं रबर ठोकलेलं. ते उपटलं आणि थेट मेहुण्याला गाठलं. दुसऱ्या पाळीला ही गाडी त्याच्याकडं असायची, आणि त्याचं पोट त्याच्या आधी कामावर हजर व्हायचं.

मेहुण्याचा चेहरा पडला. “काय करू दाजी? जरा वळलो की गाडी मागं पळायची. सगळे दात काढायचे. मुकादमाला सांगा हवं तर, पण ताईला नका सांगू.”

“ते नंतर. आधी वळून दाखव.”

मेहुणा वळला. गाडी टुणकन मागं. चौकशी कुबडीवर रेलून खदखदून हसला. मग घोट्यात कळ आली तसा थांबला.

“अरे, दुसरं काम मागायचंस!”

“पोट आडवं येतंय म्हणून सांगू?”

“आता दाजींचा पाय मोडला म्हणून सांग. चल, मी आहे बरोबर.”

मेहुण्यानं मान खाली घालून सांगितलं. मुकादमानं त्याला गाडीवरून काढून खोकी रचायला लावलं.

पाय बरा झाल्यावर चौकशीला गाडी परत मिळाली. ती राहिली बाजूला; हा आधी बाकीच्या गाड्यांची बटणं दाबत सुटला. कोपऱ्यातल्या एका गाडीचं दबेना.

“आता ही कुणाची?” म्हणत तो खाली वाकला.