पाय ठेवला की थरथरते

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण तिच्याकडे गाडी शिकायला येणाऱ्याचं तोंड मुळात उघडतच नसे. शिकणारा स्टिअरिंगवर बसे आणि ती शेजारच्या सीटवर. तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा ब्रेक, स्वतःचा क्लच. डोळे रस्त्यावर, पाय ब्रेकच्या किंचित वर तरंगता, आणि जीभ मोकळी.

"गिअर टाकताय की खलबत्त्यात सुंठ कुटताय?"

"आरसा केस नीट करायला दिलेला नाही."

"उजवीकडे म्हटलं मी. जेवता त्या हाताला. उपाशी आहात का?"

क्लच कसा सोडायचा ते मात्र ती हळू आवाजात सांगे : झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतो तसा. पुढच्याच क्षणी गाडी गचका खाई आणि ती ओरडे, "उठलं! उठवलंत बाळ!"

गाडी तिच्या नवऱ्याची. नवरा गेला, गाडी राहिली, आणि तिच्यावरच बाईंचं पोट राहिलं. रंग विटलेला, दारं दोनदा ओढल्याशिवाय लागत नसत. धावताना वय विसरणाऱ्या आणि बसल्यावर गुडघे आठवणाऱ्या माणसासारखी ती गाडी होती. रस्त्यावर सुरळीत चाले. सिग्नलला उभी राहिली की अंगात कापरं भरे. आरशात मागची वाहनं पाण्यातल्या सावल्यांसारखी हलत, काच कडकडे, आणि इंजिन उचकी लागल्यासारखं दोनदा अडकून बंद पडे. म्हणून ब्रेकबाई सगळ्यांनाच शिकवी की उभं असताना उजवा पाय एक्सलेटरवर ठेवून थोडी रेस देत राहा. शहरातल्या कुठल्याही सिग्नलवर तिचे विद्यार्थी ओळखू येत. स्वतःच्या कोऱ्या गाडीतही ते उभ्या उभ्या गुरगुरत.

अंगणाच्या मागच्या टोकाला तिच्या धाकट्या दिराचं गॅरेज होतं. त्याला सगळे फिटरच म्हणत. गाडी भंगारात काढावी, अंगण मोकळं करावं आणि गॅरेज पार रस्त्यापर्यंत वाढवावं, हे भाऊ गेल्यावर घरातलं रडणं थांबायच्या आत त्याने बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद. गाडीचं काम मात्र त्याच्याकडेच. तिने बाहेर नेली असती तर घरच्या माणसावर विश्वास नाही अशी बोंब झाली असती. त्याने नाही म्हटलं असतं तर भावाच्या बायकोच्या पोटावर पाय दिला अशी.

बोलणं बंद म्हणजे एकमेकांशी बंद. लेकी बोले सुने लागे, हा प्रकार रोज चाले. फिटर बॉनेट उघडून गाडीची विचारपूस करी.

"काय गं म्हातारे, आजही छळलं वाटतं चालवणारीनं?"

दोरीवर कपडे टाकता टाकता ब्रेकबाई आपल्या जावेला, म्हणजे फिटरच्या बायकोला सांगे, "अगं, काही माणसांना यंत्राशीच बोलता येतं. यंत्र उलटून बोलत नाही ना."

"ताई, माझ्या कानांचं भाडं द्या आता दोघं मिळून," जाऊ म्हणे.

भांडणाचा गाभा हा की फिटरच्या अंगणात गाडी थरथरतच नसे. तो हँडब्रेक ओढी, इंजिन चालू करी, बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवी. पाणी जेमतेम हले. मग तो गाडीला म्हणे, "तू तर ठणठणीत आहेस. कुणाच्या डोक्यातच कापरं भरलं असेल तर मी काय करू? फार तर इंजिन उघडून बघतो." तोच पेला ब्रेकबाईने सिग्नलवर धरला असता तर मांडी भिजली असती. तिला पक्की खात्री होती की हा मागून काहीतरी कळ फिरवतो, परत देताना बिघडवून देतो. आणि इंजिन उघडणं? उघडलेलं इंजिन म्हणजे त्याच्या ताब्यात गेलेली गाडी. नट एका डब्यात, पिस्टन दुसऱ्यात, आणि "पार्ट मिळत नाही" म्हणत तो ती अंगणातच कुजवील.

तेवढ्यात वाहन तपासणीचं बोलावणं आलं. जुन्या गाड्यांवर शिकवायचं असेल तर गाडी आणून दाखवा. उभ्या गाडीचं इंजिन रेस न देता स्थिर चाललं पाहिजे, ब्रेक लागला पाहिजे. नाही तर शिकवायचा परवाना रद्द. परवाना गेला तर गाडी भंगारात, आणि अंगण कुणाचं हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ब्रेकबाई स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. दुकानदाराने काउंटरवर निळ्या बाटल्यांची रांग लावली होती.

"टाकीत ओता आणि विसरा, मॅडम. सगळा कार्बन धुऊन निघतो. म्हातारी पळायला लागेल."

"पळते ती. उभी राहत नाही."

"उभीही राहील."

या बाटलीला टाकीचं झाकण पुरतं, दिराची परवानगी लागत नाही, एवढं तिला पुरेसं होतं. बाटलीने थोडं काम केलंही. चढावर गाडी पूर्वीपेक्षा मोकळी झाली, धूर कमी झाला. थरथर तशीच. मग तिने दुसरी ओतली. बाटलीवर लिहिलं होतं, भरलेल्या टाकीला एक. तिची टाकी भरलेली कधी नसेच. शिकवणीपुरतं तळाशी पेट्रोल असे. त्या थेंबभर पेट्रोलात दोन बाटल्यांचं औषध गेलं आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं निपचित पडलेला गाळ सुटून पाइपात निघाला.

पुलाच्या चढावर गाडी मेली. स्टिअरिंगवर एक दातांचा डॉक्टर होता, दुसऱ्यांच्या तोंडात बिनधास्त हात घालणारा आणि हिच्या शेजारी घामाने निथळणारा. मागून हॉर्नचा गदारोळ उठला.

"मी काय केलं, मॅडम?"

"काही केलं नाहीत. तेच तर तुम्ही नेहमी करता. उतरा, ढकला."

एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "बाई, ढकलायचंही शिकवता का? फी वेगळी की त्यातच?" ब्रेकबाईने त्याला जे उत्तर दिलं त्याने ट्रकची काच वर गेली.

गाडी अंगणात ढकलत आणली तेव्हा फिटर गॅरेजच्या दारात चहा पीत उभा होता. तो हसला नाही, हे तिला जास्त झोंबलं. फिल्टर काढून त्याने उन्हात धरला. काळा चिखल.

"काय पाजलं गं तुला?" त्याने गाडीला विचारलं. "हाडं मोडलेल्याला जुलाब देतात का कुणी?"

"अगं, सांग," ब्रेकबाई जावेला म्हणाली, "ज्यांना हाड सापडलं नाही त्यांनी जुलाबाला हसू नये."

फिल्टर बदलला, टाकी धुतली, गाडी चालू झाली. अंगणात स्थिर, सिग्नलला थरथरती. तपासणी तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सिग्नलवर डॉक्टरने पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं. तो शिकवणी सुरू झाल्यापासून रस्त्यापेक्षा ब्रेकबाईच्या पायाकडेच जास्त बघत आला होता. तो पाय कधी पडेल याचीच त्याला धास्ती.

"मॅडम, एक बोलू? तुमचा पाय ब्रेकवर पडला की ही थरथरते. माझ्यासारखीच."

"पुढे बघा. सिग्नल माझ्या पायात नाही."

पण पुढच्या सिग्नलला तिने पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. गाडी कापली, शांत झाली, पुन्हा कापली. हिरवा दिवा लागून गेला, मागचे शिव्या देत पुढे निघाले, तरी ती पाय ठेवत-उचलत बसली. फिटर हँडब्रेक ओढून गाडी तपासतो, हे तिला तेव्हा आठवलं. त्याच्याकडे या पेडलवर कुणाचा पाय पडतच नव्हता.

अंगणात येऊन ती जावेला म्हणाली, "त्यांना सांग, पाय ब्रेकवर ठेवून बघा म्हणावं."

जाऊ चार पावलं जाऊन सांगून आली. उत्तर तिथूनच आलं. "तिला सांग, मला पाय दोनच आहेत आणि दोन्ही बॉनेटपाशी लागतात."

ते खरं होतं. इंजिनाशी कान लावलेल्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही, आणि ब्रेकवर बसलेल्याला बॉनेटखालचं ऐकू येत नाही. या कामाला दोन माणसं लागतात. ब्रेकबाई दार दोनदा ओढून आत बसली.

तिने पाय ठेवला. इंजिन अडखळलं आणि बॉनेटखालून दातातून हवा ओढल्यासारखी सीऽऽ निघाली.

"काढा!" फिटर ओरडला. "ठेवा! ठेवा म्हणतो ना! आता काढा!"

मध्ये उभी असलेली जाऊ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. तिला कुणी विचारतच नव्हतं.

फिटरने एक रबरी पाइप पकडीत दाबून धरला. तिचा पाय ब्रेकवर असतानाच इंजिन सरळ, सलग चालू लागलं. त्या आवाजात इतकी वर्षं उभ्या गाडीत कधी न ऐकलेली एक स्वस्थता होती. कुणीतरी मोठा श्वास सोडावा तशी. ती टिकली क्षणभरच, कारण फिटर पकड टाकून दाराशी आला, "सरका" म्हणाला आणि त्याने स्वतः पेडल दाबलं. त्याचा चेहरा उतरला. मग लाल झाला.

"हा ब्रेक आहे? हा दगड आहे!"

ब्रेकला जोर देणारा एक डबा असतो, बूस्टर म्हणतात त्याला. तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. त्याच्या आतला पडदा फाटला होता. पाय पडला की त्या फाटीतून इंजिनात भलतीच हवा शिरे आणि ते गुदमरे. आणि पायाला मिळायचा तो जोर मिळत नसे. फाट हळूहळू वाढली, तसा तिचा पायही हळूहळू जास्त दाबत गेला. वयाने पाय दमतो, असं तिला वाटलं होतं.

"यावर माणसं बसवून पुलावर नेता?" फिटर थरथरत होता. "कुणी मेलं असतं म्हणजे? ब्रेक कडक झालाय हे सांगता येत नव्हतं?"

"कुणाला सांगू? गाडीला? तुम्ही तिच्याशीच बोलता."

"मी विचारलं नसतं तरी—"

"तुम्ही इंजिन उघडा म्हणून मानगुटीवर बसला होतात! होतं काही इंजिनात?"

"आणि तुम्ही बाटल्या पाजत होतात! शिवला जातो का पडदा औषधानं?"

जाऊ आत निघून गेली.

फिटरने बूस्टर बदलला. गाडीशी तो एका शब्दानेही बोलला नाही, तिच्याशीही नाही. तपासणीच्या सकाळी किल्ली पायरीवर ठेवून गेला, हातात दिली नाही.

तपासणी अधिकारी ब्रेकबाईच्या नेहमीच्या जागेवर बसला. "इंजिन चालू ठेवा. पाय ब्रेकवर, रेस नको." तिने उजवा पाय जपून ब्रेकवर टेकवला. मागे धुराच्या नळकांड्याला तपासणीची नळी लावली होती, यंत्राचा काटा वर जाऊन थांबला आणि तिथेच राहिला. आरशात मागचं झाड स्थिर होतं, त्याची पानं मोजता आली असती.

मग तो तिला मोकळ्या पट्ट्यावर घेऊन गेला आणि वेग आल्यावर अचानक ओरडला, "थांबवा!" वाटभर ती नव्या ब्रेकवर जपून पाय टेकवत आली होती, पण ओरड्याने पाय जुनाच झाला. दगड दाबायची सवय असलेल्या पायाने लोणी दाबलं. गाडी जागच्या जागी खिळली आणि साहेबांचं कपाळ समोरच्या फळीवर आपटलं.

"ब्रेक... लागतो," तो कपाळ चोळत म्हणाला आणि सही केली. "पण बाई, तुम्ही कुणाकडे तरी शिकून घ्या."

परतताना ती स्पेअर पार्टच्या दुकानात थांबली, वायपरची रबरं घ्यायला. काउंटरवर फिटर होता, बोल्ट निवडत. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही पाहिलं नसल्यासारखं केलं.

"मॅडम, पास झाली म्हणे!" दुकानदार खूश झाला. "कशानं सुधारली?"

"तुमच्या बाटलीनं," ब्रेकबाई म्हणाली.

बोल्टांचा डबा काउंटरवर आदळला. मध्ये जाऊ नव्हती, गाडी बाहेर होती. फिटर सरळ तिच्याकडे वळला.

"बाटलीनं?"

"बाटलीनं. अंगणावर डोळा ठेवणाऱ्याच्या हातून सुधारली म्हणायला माझी जीभ वळत नाही."

"अंगण मी सोडलेलं नाही, वहिनी."

"मी गाडी सोडलेली नाही, भाऊजी. सहीशिक्क्याची आहे आता. हलवून दाखवा."

दुकानदार निळी बाटली हातात धरून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "मग देऊ का अजून एक?" त्याने विचारलं.

"नको!" दोघंही म्हणाले, आणि आपण एका सुरात बोललो याचा दोघांनाही भयंकर राग आला.